शब्द दिला एकाने, पाळायचा दुसऱ्याने

या वेळी आलेली पत्रं उघडली आणि हसूच आलं, कारण निवडलेल्या पाचही पत्रांत भांडण एकच आहे, फक्त कोणी या बाजूने लिहिलंय तर कोणी त्या बाजूने. इंजिनिअर मार्केटिंगवर वैतागलेत, मार्केटिंगवाले इंजिनिअरांवर. मी स्वतः सहा वर्षं कोड लिहिला आणि मग प्रॉडक्ट मार्केटिंगला गेले, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्यात आणि खरं सांगायचं तर दिल्याही आहेत. तेव्हा मी अगदी तटस्थ आहे असं काही समजू नका.

ताई, मी डेव्हलपर आहे. आमच्या मार्केटिंगने एका वेबिनारमध्ये सांगून टाकलं की ॲपमध्ये ऑफलाइन मोड पुढच्या महिनाअखेरीला येतोय. मला हे कळलं कुठून, तर एका कस्टमरच्या मेलवरून, 'बीटा लिंक (आधी वापरून बघायची लिंक) कधी मिळेल?' आम्ही त्या फीचरची एक ओळसुद्धा लिहिलेली नाही. मॅनेजर म्हणतात आता बोलून बसलोय तर करावंच लागेल, हवी तर दोन माणसं जास्त घे. राजीनामा टाकावासा वाटतोय.
– एक ओळही न लिहिलेला

राजीनामा कुठे पळून जात नाही, तो नंतरही देता येईल. आधी ती दोन माणसं नको म्हणा. आयबीएममध्ये ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर माणसं वाढवली की त्याला आणखी उशीर होतो. नवीन माणसाला शिकवायचं कोणी तर ज्याच्याकडे आधीच वेळ नाही त्याने, आणि वर बोलणं वाढतं ते वेगळंच. पाच जणांत दोघा-दोघांच्या जोड्या दहा होतात, दहा जणांत पंचेचाळीस. मॅनेजरना हा हिशोब फळ्यावर काढून दाखवा, लगेच पटेल असं नाही पण दोन माणसांचा विषय तरी मागे पडतो.

मग त्या वेबिनारचं रेकॉर्डिंग मागवा आणि स्वतः ऐका. हे मी अगदी आग्रहाने सांगतेय, कारण कस्टमरने मेलमध्ये लिहिलं ते, मॅनेजरनी सांगितलं ते आणि प्रत्यक्ष बोललं गेलं ते, या तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. आणि नेमका शब्द काय होता ते कळलं की पुढचा प्रश्न हा, की ऑफलाइन मोड म्हणजे ऐकणाऱ्याला काय वाटलं असेल? तुमच्या डोक्यात जे आहे ते मला दिसतंय. दोन माणसांनी नेटवर्क नसताना एकच रेकॉर्ड वेगवेगळं बदललं, मग दोघं ऑनलाइन आली, आता कोणाचं खरं धरायचं, एकाने डिलीट केलेलं दुसऱ्याने एडिट केलं असेल तर काय, फोनचं घड्याळच चुकीचं असेल तर काय. हे सगळं महिनाभरात होणार नाही हे तुम्हाला माहितीय म्हणून तुम्ही चिडलात. पण कस्टमरला कदाचित एवढंच हवं असेल की रेंज गेली तरी कालची उघडलेली माहिती वाचता यावी. फक्त वाचायला! बदल नाही, दोन्हीकडची माहिती जुळवणं नाही, भांडण नाही. तेवढं महिन्यात जमण्यासारखं असेल तर तेवढंच द्या, आणि बाकीच्याची तारीख देऊच नका. कापायचं काय ते तुम्ही ठरवा, कारण ते तुम्हालाच कळतं, पण काय कापलं तर चालेल हे कस्टमरला विचारायचं काम मार्केटिंगला द्या. त्यांना ते तुमच्यापेक्षा बरं जमतं.

आणि वाचायला मिळेल एवढंही होणार नसेल तर शब्द लवकर मागे घ्यायला लावा. ॲपलसारख्या कंपनीवरसुद्धा ही वेळ आली होती. त्यांनी सप्टेंबर २०१७ मध्ये स्टेजवरून एअरपॉवर नावाचा चार्जिंग मॅट दाखवला, फोन, घड्याळ, इअरफोन एकाच वेळी चार्ज करणारा, २०१८ मध्ये येईल म्हणाले. २०१८ गेलं. मार्च २०१९ मध्ये नवीन एअरपॉड्स आले आणि त्यांच्या खोक्यावर त्या मॅटचं चित्रसुद्धा छापलेलं होतं, आणि काही दिवसांतच कंपनीने जाहीर केलं की आमच्या दर्जाला उतरत नाही म्हणून आम्ही ते प्रॉडक्ट रद्द करतोय. म्हणजे खोकं दुकानात आणि त्यावरची वस्तू जगात नाही. ते वाचताना मला त्या खोक्याचं डिझाइन करणाऱ्याची दया आली, आणि त्या मॅटवर राबलेल्या इंजिनिअरांचीही.

मागे घेण्याचा मेल मात्र ज्याने शब्द दिला त्यानेच लिहायचा, सपोर्टच्या पोरांवर ढकलायचा नाही. एकदा स्वतःच्या नावाने 'आमच्याकडून तारीख सांगण्यात चूक झाली' असं लिहावं लागलं की माणूस पुढच्या वेळी तुमच्या टेबलापाशी येऊन विचारतो.

आता एक गोष्ट तुमच्या विरोधात बोलते, रागावू नका. ही तारीख हवेतून आलेली नसणार. कधीतरी कुठल्यातरी मीटिंगच्या शेवटी, उठता उठता कोणीतरी इंजिनिअरांना विचारलं असणार, 'ऑफलाइन करता येईल का हो?' आणि तुमच्यापैकी कोणीतरी लॅपटॉप बंद करत म्हणालं असणार, 'हो, होईल की.' आपण इंजिनिअर लोक 'होईल' म्हणतो तेव्हा म्हणायचं असतं की निसर्गनियमांच्या आड येत नाही. ऐकणारा ऐकतो की होणार. 'करता येईल' आणि 'करतोय' यांत सहा महिन्यांचं अंतर आहे आणि ते बोलणाऱ्यालाच फक्त माहीत असतं. कोण म्हणालं होतं ते शोधा, भांडायला नाही, नुसतं कळायला. तुम्हीच निघालात तर मला कळवा.

नमस्कार ताई, मी मार्केटिंगला आहे, दीड वर्ष झालं. इंजिनिअरांना तारीख विचारली की 'डिपेंड्स'. फार मागे लागलं की 'दोन आठवडे' आणि मग लागतात दोन महिने. मला जाहिरातीची जागा बुक करायची असते, व्हिडिओ शूट करायचा असतो, पार्टनर कंपनीला कळवायचं असतं, ते पैसे कोणी परत देत नाही. बोलणी मी खाते. आणि परवा मीटिंगमध्ये मी विचारलं की एपीआय म्हणजे नेमकं काय, तर दोघं एकमेकांकडे बघून हसले. तेव्हापासून मी विचारणंच सोडलंय.
– तारीख मागणारी

हसण्याचं आधी. हसले ते चुकलेच, त्यात दुसरी बाजू वगैरे काही नाही. पण तू विचारणं सोडलंस यात तोटा तुझा झाला, त्यांचा नाही. त्या दोघांपैकी जो जरा बरा वाटतो त्याला एकट्याला गाठ आणि म्हण की मला हे एकदा दहा मिनिटं समजावून सांग, मला कस्टमरला सांगावं लागतं. घोळक्यात हसणारा माणूस एकटा असला की बहुतेक वेळा चांगला शिकवतो, हे मी स्वतः घोळक्यात हसलेली असल्यामुळे सांगू शकते. आणि एपीआयचं म्हणशील तर एका प्रोग्रामने दुसऱ्या प्रोग्रामकडे काय मागायचं, कुठल्या पद्धतीने मागायचं आणि उत्तर कुठल्या स्वरूपात मिळणार याचा ठरलेला करार. झालं. यात हसण्यासारखं काय होतं ते त्यांनाच माहीत.

आता तारीख. ते खोटं बोलतात असं तुला वाटत असेल तर तसं नाहीये, त्यांनाही तेव्हा दोन आठवडेच वाटत असतात. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या चुकीला नाव दिलं, प्लॅनिंग फॅलसी, म्हणजे आपल्या स्वतःच्या कामाला लागणारा वेळ माणूस कमीच धरतो, आधीची कामं लांबलेली आठवत असूनही. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार आवडतो. विद्यार्थ्यांना विचारलं की तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल, सरासरी उत्तर आलं साधारण ३४ दिवस. मग विचारलं की सगळं जेवढं बिघडायचं तेवढं बिघडलं तर? म्हणाले ४९. प्रत्यक्षात लागले ५५. म्हणजे वाईटात वाईट अंदाजसुद्धा कमी पडला! आणि हे विद्यार्थी स्वतःचंच काम करत होते, मध्येच कोणी चालू सिस्टिममधला बग आणून टाकत नव्हतं.

म्हणून 'कधी होईल' हा प्रश्नच टाकून दे. आमच्याकडे एक बाई होत्या, मार्केटिंगच्या, माझ्याहून खूप सीनिअर, त्या कधीच तारीख विचारायच्या नाहीत. खुर्ची ओढून बसायच्या आणि म्हणायच्या, 'यात तुला सगळ्यात कमी काय माहितीय?' मी म्हणायचे पेमेंटचं, ते तिसऱ्याच कंपनीच्या सिस्टिमशी जोडायचंय, त्यांचं डॉक्युमेंट जुनं आहे. 'मग ते कधी कळेल, जमतंय की नाही?' बुधवारपर्यंत. 'बरं, मी गुरुवारी येते.' आणि गुरुवारी खरंच यायच्या. तारीख त्या गुरुवारी मागायच्या, आणि तीही एक नाही, दोन. एक म्हणजे सगळं नीट गेलं तर कधी, आणि दुसरी म्हणजे 'जिच्यावर तू स्वतःचे पैसे लावशील ती कुठली'. पहिली त्या वहीत लिहायच्याच नाहीत, हे मला फार नंतर कळलं.

दुसरं असं की रिलीज (फीचर चालू करणं) आणि लॉन्च (ते जाहीर करणं) एकाच दिवशी करायचा हट्ट सोड. इंजिनिअरांना फीचर फ्लॅग, म्हणजे कोडमधलं चालू-बंद बटण, वापरून ते आधी थोड्या लोकांसाठी गुपचूप चालू करता येतं, ते दोन-तीन आठवडे चाललं, फुटलं नाही, की मग तुझी जाहिरात. ज्या गोष्टीवर पैसे जातात ती गोष्ट चालू झाल्यावरच बुक करायची. हे दरवेळी जमणार नाही, एखादं प्रदर्शन ठरलेल्या तारखेलाच असतं, तेव्हा मात्र उलटा प्रश्न विचार की ही तारीख हलत नाही, तर या तारखेला दाखवण्यासारखं काय असेल. इंजिनिअरला तारीख दिली की तो काम कापतो, काम दिलं की तारीख सांगतो, पण दोन्ही त्याच्या गळ्यात बांधलीस तर तो फक्त हो म्हणतो, आणि ते 'हो' काही कामाचं नसतं.

हो, आणि व्हिडिओसाठी स्क्रीन शूट करण्याआधी एवढं नक्की विचार, 'ही स्क्रीन अजून बदलणार आहे का?' बटणाचा रंग बदलला म्हणून अख्खं शूट परत केलेलं मी पाहिलंय.

मी हार्डवेअर इंजिनिअर, वय ४१. आमचं डिव्हाइस आयपी६७ आहे. मार्केटिंगने माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात 'वॉटरप्रूफ' छापलं, सोबत पोहणाऱ्या माणसाचा फोटो. मी हरकत घेतली तर म्हणाले, सगळेच असं लिहितात, तुम्ही दरवेळी आडवे येता. खरंच मी आडमुठा आहे का?
– आडवा येणारा

नाही. इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे आणि तुमच्या हातात देण्यासारखं बरंच काही आहे.

आयपी६७ म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा. त्यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवलं तरी नुकसान होईल इतकं पाणी आत जात नाही. तेही साध्या गोड्या, स्थिर पाण्यात, नव्या डिव्हाइसवर. समुद्राचं खारं पाणी, पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन, हात मारताना बसणारा पाण्याचा दाब, दोन वर्षं वापरून जुनं झालेलं सील, यातलं काहीच त्या चाचणीत नाही. म्हणजे तो पोहणारा माणूस आधी फोटोतून काढा.

'सगळेच लिहितात' याचं उत्तर असं की लिहिलं त्यांना भरावंही लागलंय. ऑस्ट्रेलियात सॅमसंगच्या तिथल्या कंपनीने फोन तलावात, समुद्रात वापरता येतात असं भासवणाऱ्या जाहिराती केल्या होत्या, प्रत्यक्षात ओला फोन चार्ज केला तर चार्जिंग पोर्ट गंजू शकत होतं, आणि जून २०२२ मध्ये कोर्टाने त्यांना १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. इटलीत ॲपलला नोव्हेंबर २०२० मध्ये पाण्याबद्दलच्याच दाव्यांवरून १ कोटी युरोचा दंड झाला. ही दोन उदाहरणं मीटिंगमध्ये ठेवा, आवाज न चढवता. माझा अनुभव असा की 'हे तांत्रिकदृष्ट्या चुकीचं आहे' म्हटलं तर ऐकत नाहीत, 'यात दंड झालाय' म्हटलं की कायदा विभागाला मेल जातो.

पण नुसतं नाही म्हणून थांबू नका. आडवा येणारा हे नाव तिथूनच पडतं. काय लिहिता येईल ते तुम्हीच लिहून द्या. 'पावसात भिजलं, सिंकमध्ये पडलं तरी चालेल, पोहताना नको.' हे वाक्य 'वॉटरप्रूफ'पेक्षा विकायलाही बरं आहे, कारण वाचणाऱ्याला आपला फोन सिंकमध्ये पडलेला आठवतो. मार्केटिंगवाल्यांना शब्द हवे असतात, तुम्ही त्यांना आकडे देता, मग ते आकड्याला स्वतःचे शब्द लावतात आणि तुम्ही चिडता. सॉफ्टवेअरमध्येही हेच चालतं. सर्व्हिस वर्षभरात किती चालू राहील याचा आकडा ९९.९ टक्के असतो, कोणीतरी शोभतं म्हणून मागे आणखी एक ९ लावतं. ९९.९ म्हणजे वर्षात पावणेनऊ तास बंद राहायची मुभा. ९९.९९ म्हणजे जेमतेम ५३ मिनिटं. ब्रोशरमध्ये एक ९ वाढला म्हणजे रात्री फोन घेणाऱ्या इंजिनिअरचे वर्षातले आठ तास गेले, आणि ते डिझायनरला कोणी सांगितलेलंच नसतं.

आम्ही ऑफरचा मेल पाठवला आणि साइट पडली. इंजिनिअरिंग म्हणतं तुमच्यामुळे पडली. माझं म्हणणं, मेल पाठवणं आमचं काम, साइट उभी ठेवणं त्यांचं. चूक कोणाची?
– मार्केटिंग हेड

तुमची जरा जास्त. साइट उभी ठेवणं त्यांचं काम हे खरं, पण पाहुणे किती येणार हे फक्त तुम्हालाच माहीत होतं आणि तुम्ही सांगितलं नाही.

समजा मेल २ लाख लोकांना गेला आणि त्यातल्या पाच टक्क्यांनी पहिल्या दहा मिनिटांत क्लिक केलं. १० हजार माणसं झाली, सेकंदाला १६-१७. ऐकायला काहीच नाही. पण एक पान उघडताना ब्राउझर चित्रं, स्क्रिप्ट, डेटा मिळून तीसेक गोष्टी मागवतो, म्हणजे सेकंदाला पाचशे मागण्या झाल्या, आणि त्यातून तुमचं ऑफरचं पान दरवेळी डेटाबेसला विचारून बनत असेल तर संपलंच. त्यात पान अडकलं की माणूस काय करतो? रिफ्रेश! परत रिफ्रेश! पडत्या साइटवर लोक अजून चढतात.

यावर उपाय फार साधा आहे. मेल एकदम सोडू नका, तासाभरात टप्प्याटप्प्याने सोडा. आणि दोन दिवस आधी चॅटवर चार ओळी टाका: 'मंगळवारी सकाळी १० ला मेल जातोय, २ लाख लोक, लिंक या पानावर, तुमच्याकडून नको असेल तर सोमवारी संध्याकाळपर्यंत सांगा.' शेवटचं वाक्य गाळू नका, त्याच्यामुळे ती नुसती सूचना राहत नाही. आणि मंगळवारी दहाला ते लोक सर्व्हर अपडेट तर करत नाहीत ना, हेही त्यातूनच कळतं. मी इंजिनिअर असताना असाच एक मेल आमचं अपडेट चालू असताना गेला होता. तो दिवस मी इथे वर्णन करून सांगणार नाही.

लॉन्च झाल्यावर कंपनीभर अभिनंदनाचा मेल गेला. मार्केटिंगच्या सगळ्यांची नावं, आम्हा इंजिनिअरांपैकी एकाचंही नाही. बोलावं की गप्प बसावं?
– नाव नसलेला

बोला. पण ओरडून नाही आणि 'रिप्लाय ऑल' करून तर मुळीच नाही. ज्याने मेल लिहिला त्याला सांगा की नावं राहिली, ही घे यादी. तो बहुतेक वेळा खजील होतो, कारण त्याने मुद्दाम गाळलेली नसतात, त्याला कोणी काय केलं हे माहीतच नसतं. तुमचं काम रिलीजच्या आधीच संपलेलं असतं आणि त्याला ते कधी दिसलेलंच नसतं. पुढच्या वेळी यादी आधीच पाठवून ठेवा, एकेका नावापुढे एक ओळ, साध्या भाषेत, 'हिने पान उघडायचा वेळ निम्म्यावर आणला' अशी. आणि त्यात टेस्टिंगवाल्यांना विसरू नका, कारण तुम्हीही त्यांना विसरता.

मार्केटिंगला गेल्यावर माझ्या पहिल्याच लॉन्चच्या मेलमध्ये मी चार नावं विसरले होते, चारही माझ्याच जुन्या टीममधली. त्यातला एक जण अजूनही दर लॉन्चच्या आदल्या दिवशी मला फक्त स्वतःचं नाव मेसेज करतो, बाकी काही लिहीत नाही.